दोघींनी एकच उत्तर दिलं

मंडळी, आज आधी प्रश्न, भजन मागाहून. मारणाऱ्यानं मरणाऱ्याचं तोंड कधी पाहिलंच नाही — तर पाप लागतं का?

बघा, माना खाली गेल्या! तबलजी, थांबा जरा. यांना विचार करू द्या.

पूर्वी तलवार होती. मारणाऱ्याच्या अंगावर रक्त उडायचं, घरी येऊन धुवावं लागायचं. मग तोफ आली, विमान आलं. माणूस लांब लांब गेला. आता तर तो पंख्याखाली बसतो, चहा पितो! विज्ञानाला मी शिव्या देणार नाही. माझ्या आईचा मोतीबिंदू विज्ञानानं काढला, तुमच्या लेकरांना देवी निघत नाहीत त्या विज्ञानामुळंच. पण त्यानंच जमिनीतलं पाणी खोल पळवलं, नदीवर फेस आणला, आणि आभाळात एक डोळा बसवला. त्या डोळ्याची ही गोष्ट. ऐका!

जतकडं एक घर. घरात दोन जावा. थोरली वैजयंता, कंडक्टरची मुलगी, तालुक्यात वाढलेली. धाकटी बाणाई, धनगराची. तिच्या माहेरी घोंगड्या विणतात. दोघी शिकलेल्या. घरातच दोन कॉम्प्युटर आले, काम आलं. काम काय? आभाळातून काढलेले फोटो यायचे. फोटोतल्या वस्तूभोवती चौकट काढायची आणि नाव द्यायचं — माणूस, गाडी, जनावर, शस्त्र. त्यावरून यंत्र शिकणार. काम देणारा म्हणाला, "शेतीच्या नकाशांसाठी आहे, ताई."

शेतीला शस्त्र कशाला हो? कुणी विचारलं? घरात फ्रीज आला होता. कोण विचारतंय!

आता नियम ऐका. एक डोळा चुकतो, म्हणून एकच फोटो दोघींकडं जायचा. दोघींनी वेगवेगळं बघायचं. उत्तर जुळलं तरच खरं. नियम शहाण्यानं केलेला! पण त्या शहाण्याला आपलं घर ठाऊक नव्हतं. आपल्या घरात धाकटी जाऊ थोरलीच्या तोंडाकडं बघून बोलते. खरं की नाही, मावशी? हसू नका, तुमची सून मागंच बसलीय!

एक दिवस फोटो आला. कुठल्या परमुलखातलं अंगण. कोपऱ्यात विहीर, विहिरीवर वाकलेलं झाड. मधोमध लांबच लांब काही पसरलेलं, दोन्ही बाजूंना माणसं वाकलेली.

वैजयंता म्हणाली, "नळी आहे गं. तोफेची असंल. शस्त्र लाव."

बाणाई बघत राहिली. "अक्का, मला ताणा वाटतोय. माझ्या माहेरी उभं सूत असंच अंगणात ताणतात. चिंचोक्याची खळ लावायला माणसं अशीच दोन्हीकडं वाकतात."

"परदेशात कोण घोंगडी विणतंय? बाणे, उत्तर जुळलं नाही तर लाल खूण येती. दोघींचं काम जाईल. लाव गप."

तिनं लावलं. मंडळी, तिला दिसलं होतं! आंधळेपणा नव्हता. थोरलीचा मान होता. दोघींनी एकच उत्तर दिलं, आणि यंत्रानं ते खरं मानलं.

काही दिवसांनी नवे फोटो आले. आता नावं वेगळी — घर शाबूत, घर पडलेलं. एका फोटोवर बाणाईचा हात थांबला. तीच विहीर. झाड नव्हतं, बुंधा होता. अंगणाच्या जागी काळा खड्डा. आणि भोवती, भिंतींच्या ढिगाऱ्यावर, पांढरे पुंजके. लोकरीचे.

वैजयंता शेजारून म्हणाली, "पडलेलं लाव."

"अक्का, ही तीच जागा."

"कुठली?"

"आपण नळी म्हणालो ती."

वैजयंतानं स्क्रीनकडं पाहिलं. उठली, पाणी पिऊन आली, म्हणाली, "आपण नुसतं नाव दिलं. बाँब आपण टाकलाय का?"

हेच! हेच उत्तर तुमच्या ओठावर होतं, मघाशी मी विचारलं तेव्हा!

चार-सहा दिवस गेले. पुन्हा एक अंगण आलं. पुन्हा लांब काहीतरी, पुन्हा वाकलेली माणसं. वैजयंतानं सवयीनं शस्त्र लावलं. बाणाईनं लावलं — माणसं. लाल खूण पेटली.

"बाणे! माझ्याविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध नाही, अक्का. मला दिसलं ते लावलं. तुम्ही या, इथं बघा. ही कडेला बसलीय ना, तिच्या मांडीवर पोर आहे. तोफेजवळ कोण पोर घेऊन बसतं?"

आणि मंडळी, वैजयंता बाई वाईट नव्हती. ती आली. वाकली. खरोखर पाहिलं, पहिल्यांदाच. म्हणाली, "अगं देवा. बदल माझं. लवकर बदल!"

बदलायला गेल्या, तर फोटो बंद झालेला. दोघींचं जुळलं नाही, म्हणून तो तिसऱ्याकडं गेला होता. तिसरा कोण? माणूस नव्हे — यंत्र! आता ते शिकून तयार झालं होतं. स्क्रीनवर निकाल आला: शस्त्र. पूर्ण खात्री.

वैजयंतानं काम देणाऱ्याला फोन लावला. "दादा, थांबवा ते! तिथं बायका आहेत, पोरं आहेत!"

तो म्हणाला, "ताई, माझ्या हातात काय आहे? पुढं कुणाकडं जातं मलाही ठाऊक नाही. आणि उद्यापासून काम बंद बरं का. यंत्राला आता माणसं लागत नाहीत."

फोन ठेवून वैजयंता म्हणाली, "असं बघायला कुणी शिकवलं गं त्याला?"

बाणाईनं कॉम्प्युटर बंद केला.

त्या अंगणाचा पुढचा फोटो या घरात कधी आला नाही. ती पोरवाली बाई उठून घरात गेली का, मला माहीत नाही. बरं झालं असेल असं सांगून तुम्हाला घरी पाठवता आलं असतं. नाही पाठवणार.

पाप कुणाचं, तुम्ही ठरवा. मी एवढंच विचारतो — तुमच्या घरात, कचेरीत, पंचायतीत, गेल्या महिन्यात कुणीतरी म्हणालं असेल, "मला वेगळं दिसतंय." त्याला गप्प कुणी केलं? आणि तो गप्प बसला तेव्हा तुम्हाला बरं वाटलं ना?

आज टाळी नको. हात जोडा. देवाकडं काही मागू नका. डोळे मिटू नका, उघडे ठेवा, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडं नीट बघा. तेवढा वेळ मी नाम घेतो.