मोबाईलातल्या मेडशीचे पाहुने

…नाई भाऊ, हे आभाय पान्याचं नाई, नुसतंच आलं हाये. सकायी धुकं व्हतं — इतकं, का हा समोरचा निंब बी दिसत नवता — अन् आता पाहा, ऊन कसं कवयं कवयं पडलं, तुरीचा फुलोरा पिवया धम्मक दिसून राह्यला, अन् वारा असा गार, का कानाले दुपट्टा गुंडायल्याबिगर बसवत नाई. चांगला दिवस हाये. पाहुना येन्याचा दिवस हाये. बसा, बसा. मालेगावची गाडी ना? येईन. धुक्यानं सार्‍याच गाड्या मांगं पडल्या असतीन. मी बी गाडीचीच वाट पाहून राह्यलो, पन मले जाचं नाई कुठी — माही नात येनार हाये, पोर्णिमा. नागपूरले नोकरी करते. कारंज्याहून मालेगाव, अन् मालेगावहून इथं मेडशीले. येते, तोंड दाखोते, अन् संध्याकायच्या गाडीनं चालली. दर टायमाले असंच. पन या खेपीले मी तिले मुक्कामी ठेवतो का नाई, पाहाच तुमी. माह्याजवय इद्या आली हाये आता. कुठून आली? — हे पाहा, या मोबाईलातून.

हसू नोका. मले वाचता येत नाई, शायेत गेलोच नाई, पन चित्र समजते मानसाले. पोर्णिमानंच टाकून देल्ला हा खेय. गुडघे धरले व्हते माहे, वावरात जाता येत नवतं, तं म्हने, आबा, बसल्या जागी गाव वसवा. असं बोट टेकवलं का घर. असं ओढलं का रस्ता. अन् तिच्या मोबाईलात तिकडं नागपूरले माह्यं गाव दिसते, बरं. नाव काय ठेवाचं म्हनून इचारलं, तं मी म्हनलं मेडशी, दुसरं काय ठेवाचं? घरं टाकली, हीर टाकली, तुरीचं वावर भेटते का पाहालं — नाई भेटलं, गव्हाचं भेटलं, तेच लावलं. झालं गाव. मंग एक दिवस काय झालं, वरतं एक मोटारीचं चित्र चमकाले लागलं. पोर्णिमाले फोन केला. ते म्हने, आबा, आता तुमी पर्यटन सुरू करा. मी म्हनलं, म्हनजे काय वं? तं म्हने, लोक तुमचं गाव पाहाले येतीन.

आमचं गाव पाहाले! मेडशीत पाहासारखं काय हाये सांगा? — पन खेयातल्या मेडशीत म्या करून दाखोलं, भाऊ. तयं खंदलं. तयाच्या काठानं बाग केली. अन् चित्राईमंदी एक पांढरं गोल घुमटाचं दिसलं, मी म्हनलं हा तं बुद्धाचा इहार हाये, बरं झालं, गावाच्या मधात बांधून टाकला. हात जोडले अन् बांधला. चंपाबाईले दाखोला — चंपाबाई म्हनजे माही बायको — तिनं बी हात जोडले. आठ-धा दिवसानं पोर्णिमा सांगते, आबा, तो इहार नाई, तारे पाहाचं घर हाये ते. आता काय कराचं? मी म्हनलं, राहू दे, आतमंदी जाऊन शांत बसून वरतं पाहाचंच हाये ना, मंग काय फरक पडला.

अन् मंग आला, भाऊ. पयला पाहुना. एवढासा, मुंगीवानी, डोक्यावर टोपी, हातात बॅग. गाडीतून उतरला अन् चालाले लागला. मी चंपाबाईले हाक मारली, का ये वं, पाहुना आला. ते बिचारी पिठाचे हात घेऊन धावत आली, अंगनात पाहाते, ओसरीवर पाहाते, म्हने कुठी हाये? म्या मोबाईल पुढं केला. तिनं पाह्यलं, पाह्यलं, अन् म्हने, त्याले कोनी पानी देल्लं का? तिच्या जीवाले तेच लागलं. मंग आमी दोघं म्हतारे मांडीवर मोबाईल घेऊन त्याच्या मांगं मांगं — तयावर गेला, बागेत गेला, इहारापाशी उभा राह्यला — अन् त्याच्या डोक्यावर आलं एक लाल लाल बदाम. त्याले आवडलं म्हने. चंपाबाई पदरानं तोंड झाकून अशी हासे, जशी लग्नात हासत व्हती.

पन संध्याकाय झाली का चालला. सारेच. कितीक येत, अन् दिवस बुडला का डोक्यावर खाटेचं चित्र, तोंड वाकडं, अन् चालले परत. मी म्हनलं, खाट मांगून राह्यले, म्हनजे झोपाची सोय पाह्यजे. तं मी काय केलं — मोटारी थांबतात त्या जागेसामोर घरंच घरं बांधली, मोठ्या अंगनाची. पोर्णिमाचा फोन आला, का आबा, हाटेल बांधा. मी म्हनलं, कायले? गावात घरं असल्यावर पाहुना हाटेलात झोपन? लोक काय म्हनतीन मेडशीले? मी नाई बांधलं. तुमी असते तं तुमी बी नसतं बांधलं. पन त्या घराईत एक पाहुना गेला नाई. दारासामोरून चालले जात, डोक्यावर खाट घेऊन.

मंग मले राग नाई आला, पन इचार आला. का आपल्यात पाहुना जातो म्हन्ते तवा आपन काय करतो? बॅग लपवतो. तुमच्याकडं नाई लपवत? — आमच्यात लपवतात. कोठीमांगं, नाई तं गोधड्याच्या खाली. जोडा लपवतात. जावयाचा तं कोंबड्याच्या झाकनाखाली ठेवतात, मंग तो शोधते, गाडी चालली जाते, अन् बाया हासत हासत रातच्या सयपाकाले लागतात. पाहुन्याले समजते सारं. तोही नीट शोधत नाई. त्यातच मजा हाये. आता मोबाईलातल्या पाहुन्याची बॅग आपल्या हाताले कशी लागन? म्हनून मी — ऐका आता — मी रस्ताच तोडला. गावातून भाईर जानारा. बोट ठेवलं, पुसून टाकला. आता जा म्हनलं कसे जाता. जेवून जा, मुक्कामी राहा.

बाप्पा, काय गोंधय झाला! मोटारी एकामांगं एक उभ्या, भोंगे वाजून राह्यले, अन् ते एवढेएवढे लोक तोंड लाल करून गोल गोल फिरून राह्यले. बदाम गेले सारे. चंपाबाई म्हने, रडून राह्यले हो ते, सोडा त्याईले. तेवढ्यात नागपूरहून फोन. पोर्णिमाले तं हासताना बोलताच येत नवतं. म्हने, आबा, तुमी तं गावभर लोक कोंडले. मी म्हनलं, कोंडले नाई, आग्रह केला. मंग ते हासता हासता थांबली — अन् हयूच म्हने, “आबा, पर्यटक असाच राह्यत नाई. जाचा रस्ता उघडा ठेवा, अन् राह्याची खोली नीट करा.”

मी रस्ता जोडला. अन् हाटेल बांधलं. मन मारून बांधलं, खरं सांगतो. अन् मंग, भाऊ — मंग पाहा! खाटेचं चित्र गेलं, बदामच बदाम. मोटारी येऊन राह्यल्या, जाऊन बी राह्यल्या, अन् जानारा दुसर्‍या दिशी परत येऊन राह्यला. मी दुसरं हाटेल टाकलं. फुगे उडाले वरतं, रंगीबेरंगी. मंग एक दिवस काय खुनावून राह्यलं समजेना, बोट लावलं, तं इमानाचं मैदान झालं! मेडशीत इमान उतरलं, भाऊ! धावपट्टी तुरीच्या — नाई, गव्हाच्या — वावराले लागून. मी ओट्यावर उभा राहून वरडलो. शेजारच्या गोजराबाई भाकरी टाकून आल्या, म्हने कोन पडलं? मी म्हनलं, कोनी नाई पडलं, इमान उतरलं. त्याईनं वरतं आभायात पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं, अन् चंपाबाईले इचारलं, याईले ताप हाये का?

तेवापासून मी खोलीले लागलो. आमच्या घराची ते मांगची, सोयाबीनच्या पोत्याची खोली. पोते काढले. चुना मारला. मच्छरदानी आनली. खाटेच्या उशाशी बटन बसोलं, मोबाईल लावाले — का पोर्णिमाचा मोबाईल उतरला का ते उठलीच म्हनून समजा. न्हानीले दाराची कडी नवती, ते बसोली. ते आधीच बसवाले पाह्यजे व्हती, पोरीच्या जातीले लाज वाट्टे, पन आपल्याले सुचत नाई ना. ते कवा बोलली बी नाई. नुसतं म्हने, संध्याकायची गाडी हाये आबा. मले वाटे, तिले आमी म्हतारे आता जुने झालो. अन् कडी नवती, भाऊ. … असो. दारावर गेरूनं खाट काढली म्या, चार पाय, एक उशी. लिहता येत नाई म्हनून काय झालं, पर्यटकाले समजाले पाह्यजे. गोजराबाई म्हने, माणिकदादा, हाटेल काढलं का? मी म्हनलं, हो, काढलं.

अन् चंपाबाईनं मले शपथ घालून पाठोलं हाये, का या खेपीले पोरीच्या बॅगीले हात लावाचा नाई. रस्ता उघडा ठेवाचा. राह्यली तं राह्यली. मी हो म्हनलं. पन सकायपासून मनात एकच हाये — एवढं करून बी ते संध्याकायी बॅग उचलून उभी राह्यली तं? मोबाईलात दुसरं हाटेल टाकता येते. घरी एकच खोली हाये आपली.

काय शोधून राह्यले? बॅग? तुमची? — अरे. हे पाहा, माह्या पाठीमांगं कशी आली हे. मघाशी तुमी उठून रस्त्याकडं पाहाले गेले ना, तवा हात गेला असन. सवयीचा हात हाये भाऊ, माह्यं ध्यान बी नाई. घ्या, घ्या. रागावले नाई ना? तुमाले बी चाला म्हनलं असतं घरी, चहा तं घेतला असता, खोली तं पाह्यली असती. नाई? तुमचं काम हाये. बरं. पाहा, आली तुमची गाडी. चढा, जपून, पायरी उंच हाये. खिडकीत बसा म्हनजे बोलता येते.

ते कोन, गोजराबाई? डोक्यावर टोपलं घेऊन एवढ्या कायले धावत येऊन राह्यल्या त्या? — काय वं? काय? सावकास बोला, दम खा. पुन्हा सांगा —

ओ भाऊ! कंडक्टर मास्तर, एक मिनिट, घंटी नोका मारू, त्याईले एवढं ऐकून जाऊ द्या! आली हो ते! मालेगावहूनच जीपमंदी बसली, मांगच्या रस्त्यानं घरी, अन् मी इथं पाठ करून तुमच्यासंगं गोष्टी करून राह्यलो! अन् ह्या गोजराबाई काय म्हन्तेत ऐका, जशेच्या तशे सांगतो —

“माणिकदादा, पोरगी कवाची येऊन बसली. दारावरची खाट पाहून हासली, मंग डोये पुसले, अन् सोताची बॅग सोतानंच कोठीमांगं लपोली. म्हन्ते, आबाले सांगा, आता रस्ता तोडून टाका.”