जलसमाधीचा ठराव आणि दहा हजार फूट

ठराव मीच मांडला होता, शब्द माझे होते, अक्षर माझे होते आणि खाली पहिली सहीसुद्धा माझीच होती, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून ते तुम्हाला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको. गौरम्मा बाई, म्हणजे मी, सहासष्टाव्या वर्षी विमानातून पडल्या, असे उदगीरमध्ये बोलले जाते. पडल्या नाहीत. उडी मारली. चौतीस वर्षे शिकवण्यात घालवलेल्या बाईबद्दल निदान क्रियापद तरी बरोबर वापरावे, एवढीच अपेक्षा आहे.

तुम्हाला सांगते, हे सगळे त्या उन्हाळ्यातले, ज्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी आले. आमच्या उदगीरचा जिल्हा व्हावा म्हणून आमची सहा जणांची समिती आहे. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष माणिकप्पा, मोंढ्यात अडतीचे दुकान, आणि सातवी 'ब'मध्ये माझा विद्यार्थी. हुशार होता. गृहपाठ कधी केला नाही आणि न केल्याचे कारण कधी एकच दोनदा सांगितले नाही. समितीच्या साखळी उपोषणात या माणसाची पाळी नेहमी जेवण झाल्यावर सुरू व्हायची आणि पुढच्या जेवणाआधी संपायची. आणि शिवाय मुंबईला शिष्टमंडळ जाणार, त्याचे नेतृत्व अध्यक्षाने करायचे, तेव्हा अध्यक्षपदाकडे त्याचा डोळा आहे, असे मला वाटत होते... मी संशयी नाही. मी तपासते.

म्हणून मी ठराव मांडला, की आता उपोषणे पुरेत, समितीने गावाबाहेरच्या तलावात जलसमाधी आंदोलन करावे. आणि खाली तीन पोटकलमे घातली. एक, आंदोलन शासनाच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी व्हावे. दोन, जो पदाधिकारी ठरलेल्या आंदोलनात स्वतः उतरणार नाही त्याने पद सोडावे. तीन, प्रकृतीचे लेखी कारण असेल त्याला कारण असेपर्यंत सवलत मिळावी. तिसरे कलम माझ्या गुडघ्यांसाठी होते, दुसरे माणिकप्पासाठी. माणिकप्पा पाण्याला भितो. सातवीच्या सहलीत हा गोदावरीच्या घाटावर पायरीला मिठी मारून बसला होता, ते मी विसरलेले नाही.

आता मी ठराव केला म्हणजे मला उतरणे भाग होते. पण तयारीशिवाय मी कधी वर्गात गेले नाही, तर तलावात कशी जाईन? माझी भाची महादेवी पुण्यात नोकरी करते. ती म्हणाली, "आत्या, नुसतं गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून कोण विचारतंय? नळकांडं पाठीवर लावून तळाशीच बसा ना तासभर. स्कूबा म्हणतात त्याला. मी शिकलेय, तुम्हीही शिका." तिने मला तारकर्लीला नेले. ज्या घरात नळ पंधरा दिवसांनी येतो, त्या घरातली बाई पाण्याखाली श्वास घ्यायला शिकण्यासाठी समुद्रावर चालली होती, हे शेजारच्या कमलम्माला सांगायचीही मला लाज वाटली. गुडघ्याच्या वैद्याकडे चालले, असे सांगून निघाले.

पण सांगते, स्कूबा ही शिस्तीची विद्या आहे. पहिला नियम, श्वास रोखायचा नाही. दुसरा, कान दुखले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे, तोपर्यंत खाली जायचे नाही. तिसरा, बोलायचे नाही. खाली कोणालाच बोलता येत नाही, इतका शांत वर्ग मी आयुष्यात पाहिला नव्हता. फक्त हातांच्या खुणा. मी शिकवणाऱ्या मुलाला अंगठा वर करून 'छान' म्हटले, तर तो मला वर घेऊन आला. पुन्हा खाली गेलो, मासे पाहिले, मी पुन्हा छान म्हटले, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी पाण्याबाहेर तोंड काढून तो म्हणाला, "आजी, अंगठा म्हंजे वर जाऊया. तुमका वर जावचा आसा काय?" मी म्हटले, मला तुमचे कौतुक करायचे आहे. तेव्हा त्याने बोटांचे वर्तुळ करायला शिकवले. खाली तुम्ही तुमच्या हाताने हवा कमीजास्त करता, काटा तुमच्या डोळ्यांसमोर असतो, जे आहे ते तपासता येते. आणि माझे इष्टलिंग, जे जन्मल्यावर आम्हा लिंगायतांच्या गुरूने, जंगमाने, गळ्यात बांधले आणि त्यानंतर अंगापासून वेगळे झाले नाही, ते त्या घट्ट रबरी पोशाखाखाली असे बसले होते, की समुद्राने ओढले तरी आधी मला ओढावे लागले असते. मी निश्चिंत परत आले.

परत आले तर तलाव आटलेला. तळाला भेगा पडलेल्या, मध्यभागी एक म्हैस बसलेली आणि तिच्याभोवती जेमतेम तिच्यापुरता चिखल. वर तहसीलचे पत्र आले होते, की तलावात पाणी नसल्यामुळे जलसमाधीस परवानगी देता येत नाही. समितीची बैठक माणिकप्पाच्या दुकानात भरली, तुरीच्या पोत्यांवर. मी म्हटले, आंदोलन पाऊस पडेपर्यंत तहकूब. तेव्हा माणिकप्पा घसा खाकरून म्हणतो कसा, "बाई, पाणी न्हाई तर काय झालं, आभाळ तर हाय की. तितून उडी मारावं. छत्री लावून लोक मारायलेत आता. बोर्ड धरून उतरावं, पेपरात फोटो येतोय. आन् ठरावात तर तुमीच लिवलंय, ठरलेल्या आंदोलनात. पाण्यातच उतरावं आसं कुटं हाय?"

मी ठराव पुन्हा वाचला. नव्हते. मी स्वतः लिहिलेले, तीनदा तपासलेले, आणि 'पाणी' हा शब्द पोटकलमात नव्हता.

उरलेल्या चौघांना पद नव्हते, म्हणून उडीही नव्हती; त्यांनी लगेच हात वर केले. मी शांतपणे विचारले, "आणि माणिकप्पा, तुम्ही?" त्याने खिशातून कागद काढला. डॉक्टरचा. वजन शहाण्णव किलो. "उडीला नव्वदच्या वर घेत न्हाईत बाई. मी फोन करून इचारलं. तिसरं कलम. लई वाईट वाटायलंय मला." आता सांगा, ज्या माणसाने आयुष्यात कधी गृहपाठ केला नाही, तो बैठकीला डॉक्टरचा कागद घेऊन येतो, याचा अर्थ काय? मी संशयी नाही... पण तारीख पाहिली. तहसीलचे पत्र आले त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी अध्यक्षपद सोडणार नव्हते. महादेवीने उडी शिकवणारे शोधून काढले, कर्नाटकातल्या एका जुन्या धावपट्टीवर. मीही हो म्हटले. आता हे वाक्य लक्षात ठेवा. मीही हो म्हटले.

शिकवणारा विरूपाक्ष, हुबळीकडचा, दाढीवाला, सारखा हसणारा. शिकवताना सारखे हसणाऱ्या माणसावर माझा विश्वास नसतो. मी अभ्यासक्रम मागितला. एकट्याने उडी मारायची तर आठ पाठ, पहिल्या पाठात मात्र शिकणाऱ्याला गुरूच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधतात आणि दोघे एका छत्रीने उतरतात. मी विचारले, तुम्ही किती उड्या मारल्या? बाराशे. किती वेळा उतरलात? तो म्हणाला, "बाराशे, अम्मा." मी त्याची वही मागून घेतली, शेवटचे पान पाहिले, मधली चार पाने पाहिली. जुळत होते.

मग छत्री. पाण्याखालची हवा काट्यावर दिसते, छत्री मात्र पिशवीत घडी करून बंद. उघडेपर्यंत ती आत कशी आहे हे कोणालाच दिसत नाही, आणि उघडते तेव्हा पाहून उपयोग नसतो. मी म्हटले, उघडा, माझ्यासमोर पुन्हा घडी घाला. "अम्मा, कार्डावर सही हाय घडी घालणाऱ्याची." सह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, अंगठेबहाद्दर पालकांच्या इंग्रजी सह्यासुद्धा पाहिल्या आहेत. तासभर लागला, विमानवाला घड्याळ पाहत राहिला, पण माझ्या देखरेखीखाली ती छत्री नऊवारीसारखी निरीनिरीने घडी होऊन आत गेली. विरूपाक्षाचे हसणे तेवढ्यापुरते थांबले. मला तो जरा बरा वाटू लागला.

आणि मग तो म्हणाला, "गळ्यातलं सगळं काढा, अम्मा. वाऱ्यानं तुटून जातंय."

तुम्हाला सांगते, तोवर मी भ्याले नव्हते. गुडघे, वय, दहा हजार फूट, सगळे मान्य केले होते. पण इष्टलिंग अंगावेगळे? माझ्या आजीचे एकदा विहिरीवर निसटले होते, तर सापडेपर्यंत ती तीन दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसली होती. मी महादेवीला म्हटले, चल, पद गेले तरी चालेल. पिशवी उचललीसुद्धा. माणिकप्पा शिष्टमंडळाच्या पुढे हार घालून उभा आहे, असे मला स्पष्ट दिसले, तरी उचलली. तेव्हा विरूपाक्षाने बाही वर सारली. दंडावर, काखेशी, पांढऱ्या कापडात घट्ट बांधलेले. "माझंबी हाय, अम्मा. गळ्यात न्हाई, इथं बांधतो. नाभीच्या वर कुठंबी चालतंय, आमच्या स्वामींनी सांगितलंय."

मठ कोणता? विचारले. पूजा केव्हा करतोस? विचारले. आज केलीस का? केली होती, पहाटे, विभूती अजून कानामागे होती. तेव्हा महादेवीकडून माझ्या काखेशी तीन फेरे आणि दोन गाठी मारून घेतल्या. तिसरी मी स्वतः दातांनी मारली.

उडी मारताना काय करायचे, तर पोट पुढे, डोके मागे, पाय मागे दुमडून, केळ्यासारखे व्हायचे. तीस-पस्तीस सेकंद तुम्ही नुसते खाली येता. पाण्यात मी स्वतः उतरले होते, माझ्या पायाने, माझ्या गतीने, कान फुंकत फुंकत. इथे दार उघडले, वारा आत आला, मी विरूपाक्षाला एक शेवटचा प्रश्न विचारायला तोंड उघडले आणि प्रश्न वरच राहिला, आम्ही खाली. श्वास घ्यायचा असतो हेच आठवेना. इतका वारा, की तोंड मिटता येईना, आणि तोंड उघडे असून बोलता येईना. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडले. उजवा हात मी डाव्या काखेवर दाबून धरला होता, केळे वगैरे काही झाले नाही. मग वर हिसका बसला, छत्री उघडली आणि सगळे एकदम गप्प झाले, समुद्रात होते तसे. मी वर पाहून निऱ्या मोजल्या. खुशाली सांगायला बोटांचे वर्तुळ दाखवले. विरूपाक्षाने अंगठा वर केला. मी घाबरून म्हटले, वर नको.

मग बोर्ड उलगडला. 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे.' कापड असे फडफडले, की ऊर भरून आला. खाली हिरवे दिसत होते, कालवा भरून वाहत होता. एवढे गोडे पाणी मी चार महिन्यांत पाहिले नव्हते. पाय वर उचलून बुडावर उतरायचे असते, तशी मी उतरले, धावपट्टीच्या बाजूच्या शेतात. तिथे खुरपणारी एक बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "एनवा, एल्लिंद बिद्द्री?" कुठून पडलात, म्हणे. कन्नड मला घरातले येते. तिने आधी तांब्याभर पाणी दिले, मी प्याले, तिने दुसरा तांब्या न मागता भरून दिला. मग बोर्डाकडे बोट करून विचारले, काय लिहिलंय? मी सांगितले, जिल्हा हवा आहे. कुठला? उदगीर. ते तुमच्या महाराष्ट्रात ना? हो. मग, ती म्हणाली, आमच्या शेतात का मागताय?

मी बोर्डाची घडी घालायला घेतली.

विरूपाक्षाची वही तपासली, सही तपासली, घडी तपासली, मठ तपासला. राज्य तपासले नाही.

बैठक पुन्हा माणिकप्पाच्या दुकानात. फोटो सगळ्यांनी हातोहात पाहिला आणि माणिकप्पा ठरावाची वही उघडून हळूच म्हणाला, "बाई, पयलं कलम. शासनाच्या दृष्टीस पडंल अशा ठिकाणी. हे तर कर्नाटकात झालं की. त्यांच्या शासनाला दिसलं आसंल." चौघे खाली पाहू लागले. म्हणजे माझे आंदोलन झालेच नाही, म्हणजे दुसरे कलम मला लागू. एकतर पुन्हा उडी, नाहीतर राजीनामा. मी पुन्हा उडी मारली असती का? नाही. हे तुम्हालाच सांगते.

पण मी माणिकप्पाकडे पाहत होते. त्याचा सदरा खांद्यावरून लोंबत होता. महिनाभर त्याच्या गल्लीला नळ आला नव्हता, नोकर गावी निघून गेला होता आणि हा माणूस बायकोच्या धाकाने रोज पाण्याच्या घागरी दोन जिने चढवत होता, हे मला कमलम्माने सांगितले होते. मी म्हटले, "माणिकप्पा, तिसऱ्या कलमात 'कारण असेपर्यंत' असे शब्द आहेत. तुमच्या दुकानात काटा आहे. जरा उभे राहता का?" तो म्हणाला, "बाई, ह्यो तुरीचा काटा हाय." मी म्हटले, तुरीला खरे सांगतो, तुम्हालाही सांगेल.

एकोणनव्वद किलो.

माणिकप्पाने वाकून काटा पुन्हा वाचला. मग तो खाली उतरला आणि सातवीत बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "बाई... ते दुसरं कलम खोडता येतंय का?"

खोडले. तिन्ही खोडली. ठरले ते असे, की यापुढची आंदोलने जमिनीवर आणि महाराष्ट्रात व्हावीत, अध्यक्ष मीच राहावे, शिष्टमंडळात दोघांनी जावे, तेही एसटीने, आणि गुरुवारी तहसीलसमोर सतरंजी टाकून बसावे. सूचक मी. अनुमोदक माणिकप्पा. चौघांनी हात वर केले. गुरुवारी माणिकप्पा वेळेवर आला, जेवणाआधी आला, काखेत सतरंजीची घडी घेऊन. बसायला मला गुडघे दुमडता येत नाहीत, तरी वाकले. आता काय राहिले होते सांगा, जमीन घट्ट, राज्य आपले, उंची शून्य... मी फक्त एवढेच विचारले, की माणिकप्पा, ही घडी कोणी घातली?