दोन की दोन्ही

मी, धक्क्यावर वायरमनमामा म्हणून ओळखला जाणारा, वय ५८ वर्षे, धंदा प्रवासी लाँचवर इलेक्ट्रिकचं काम, राहणार धक्क्यामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरची खोली. कोणी बोलावलं नसताना स्वतः पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

लाँच चालवणारा माझा सख्खा भाचा आहे, वय ३४. लाँचवर आम्ही दोघेच असतो. कालच्या अपघातात चूक आपली आहे असा जबाब त्याने आज सकाळी इथे दिला आहे. तो खोटा आहे. तो तसाच राहिला तर पोराचं लायसन्स जाईल, म्हणून मी आलो.

लाँचवर दोन बॅटऱ्या आहेत. एक नंबर फक्त इंजिन सुरू करायला. दोन नंबरवर दिवे, पाण्याचा फ्रीज आणि तळातलं पाणी उपसायचा पंप. मध्ये गोल स्विच आहे. त्यावर एक, दोन, दोन्ही आणि बंद असं लिहिलेलं आहे. लाँच चालू असताना स्विच 'दोन्ही'वर ठेवतात, म्हणजे इंजिन दोघींना चार्ज करतं. धक्क्याला लागलं की 'दोन'वर घ्यायचा. फ्रीजने काय खायचं ते दोन नंबरचं खावं, एक नंबरला हात लावू नये. हे काम मी बावीस वर्षं करतो. झोपेतही चुकणार नाही, असं चारचौघांत सांगतही आलो.

काल दुपारी बारा वाजता लाँच धक्क्याला लागली. भाचा घाईघाईने जेवायला उतरताना म्हणाला, "मामा, दोन ठेवा." मला ऐकू आलं, "दोन्ही ठेवा." नवल वाटलं. पण धक्क्यावरच्या विजेची वायर जोडली होती, चार्जर चालू होता. म्हटलं, असेल त्याच्या मनात काही. परत विचारलं नाही. हल्ली मी फार वेळा परत विचारतो. स्विच 'दोन्ही'वरच राहू दिला.

साडेबाराच्या सुमारास धक्क्यावरची वीज गेली, हे मला मागाहून कळलं. वीज गेली की चार्जर शिट्टी मारतो. मी शेजारीच बसलो होतो. शिट्टी मला ऐकू आली नाही. फ्रीज दोन्ही बॅटऱ्या खात राहिला.

साडेचारला अकरा प्रवासी घेऊन निघालो. इंजिन कुरकुरत सुरू झालं. दहा मिनिटांत पाण्याखालच्या पंख्यात दोरी अडकली. भाच्याने इंजिन बंद करून दोरी काढली आणि चावी फिरवली. नुसतं टक टक. एक नंबर शिल्लक असती तर लगेच निघालो असतो. लाँच प्रवाहाबरोबर गेली आणि पुलाच्या खांबाला लागली. एका शिक्षिकाबाईंचं मनगट मोडलं. बाकी सगळे सुखरूप आहेत. बाई मलाच विचारत होत्या, तुम्हाला लागलं का. दोनदा विचारलं म्हणे.

'दोन्ही ठेवा' असं आपणच चुकून म्हणालो, असं भाच्याने तुम्हाला लिहून दिलं आहे. तो तसं म्हणाला नव्हता. धक्क्यावरची तिकीटवाली तेव्हा तिथेच उभी होती, तिने 'दोन'च ऐकलं. तिला विचारावं.

माझा उजवा कान गेल्या वर्षापासून गेलेला आहे, डाव्यालाही जवळून बोललेलंच ऐकू येतं. कोणाला सांगितलं नाही. बहिऱ्या वायरमनला कामावर कोण ठेवणार? भीती होती, लाजही वाटत होती. आज जबाबाचं कळल्यावर बहिणीकडे जाऊन पहिल्यांदा बोललो. ती म्हणाली, "दादा, आम्हाला कधीचं माहीत आहे. तो वर्षभर तुझ्या डाव्या बाजूला उभा राहून बोलतो, ते काय उगाच?" मी कपाळाला हात लावला.

काल तो घाईत उजवीकडून बोलला. त्याची चूक लिहायचीच असेल तर एवढी लिहावी. स्विच माझ्या हातात होता.

हा जबाब हवालदारसाहेबांनी आधी माझ्या उजवीकडे बसून वाचला. मी सांगितल्यावर खुर्ची उचलून डावीकडे आले आणि पहिल्यापासून पुन्हा वाचला. आता सगळा ऐकू आला. मी सांगितला तसाच आहे. 'दोन' आणि 'दोन्ही' जिथल्या तिथे आहेत.