कंडक्टरताईची भरलेली बाटली

दवाखान्यात माझा नंबर काही येत नव्हता, डोकं तापलं होतं. समोरच्या खाटेवर एक कंडक्टरताई पडली होती, पायाखाली दोन उश्या. शेजारी तिच्या बसचा ड्रायव्हर, वयानं बापाएवढा.

"मामा, भरलेली गाडी तुम्ही इकडे वळवलीत. कुणी बोललं नाही?"

"एक जण बोलला. बाकीच्यांनीच त्याला गप केलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"बीपी लो झालंय. अंगात पाणी कमी पडलं, की रक्तही कमी पडतं म्हणे. उभ्या माणसाच्या डोक्यापर्यंत पुरत नाही, मग चक्कर."

"आणि तुझी बाटली अजून गळ्यापर्यंत भरलेली. पाणी काय बघायला आणतेस?"

"प्यायलं की जावं लागतं, मामा."

"मग जायचं."

"कधी? शेवटच्या थांब्यावर मी उतरते न उतरते तोच तुम्ही गाडी वळवून हॉर्न मारता. तुम्ही मिनिटभरात झाडामागे जाऊन येता. मी कुठे जाऊ?"

मामानं बाटली उचलली. झाकण काढून तिच्या हातात दिली.

"संडास किती लांब आहे तिथून?"

"जाऊन यायला आठ मिनिटं."

"उद्यापासून दहा मिनिटं थांबेल गाडी."

"डेपोतले साहेब तुमच्या नावावर उशीर लावतील."

"लावू देत. पी तू."

"मामा, आज तुम्ही होतात म्हणून बरं."

"कसलं बरं. तू बोललीस ते बरं झालं. माझी पोरगी कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते. तिला घरी गेल्यावर विचारतो."

"काय?"

"पाणी पिते का ते."