वाटजाईच्या खिंडीतला लाल दिवा

ऐका रे. ती चिपाडं चुलवाणात जरा बेतानं सारा. काहिलीतल्या उसाच्या रसाला उकळी यायला अजून वेळ आहे, तोवर माझ्याकडं कान द्या. आन् इंदरजित, तू पण. किल्ली खिशात ठेव आन् बस इथं पोत्यावर. मघापासून बघतोय मी, तुझ्या गाडीच्या मागच्या दिव्याची लुकलुक चाललीय. लाल, निळा, परत लाल. वरातच निघालीय जणू. नवा एलईडी बसवला म्हणून हा आता रात्रीचा खिंडीतनं सासरवाडीला उतरणार म्हणे. उतर की. मी गुळव्या माणूस, मी कोण तुला अडवणार? पण आधी ऐक, मग काय ते ठरव.

गोष्ट माझ्या पुतण्याची आहे, विलासची. सख्ख्या भावाचा पोरगा, तेव्हा ऐकीव काही नाही. त्याची बायको शालन. तिचं माहेर खिंडीच्या पायथ्याला, कोकणाच्या अंगाला. भादव्याचे दिवस होते. उद्या गौरी यायच्या आन् माहेरवाशीण आज घरात पाहिजे, म्हणून तिचा धाकटा भाऊ धनाजी मोटारसायकल घेऊन न्यायला आला. बहीण, दाजी आन् भाची, सगळ्यांनाच न्यायचं होतं. जेवण करून दुपारी निघायचं ठरलं होतं.

निघाले का? नाही निघाले. धनाजीनं येताना बाजारातनं एलईडी आणला होता, मागच्या दिव्यात घालायला. बसवल्याबिगर गाडी हलणार नाही म्हणून हटून बसला. आता जुन्या गाडीचा तो होल्डर, त्यात हा नवा बसेना. मग धनाजीनं होल्डरच उपटून काढला. वायरी दातानं सोलल्या, एकीला एक पीळ घातला, वर चिकटपट्टी गुंडाळली. विलास म्हणाला, "आरं, मेकॅनिककडनं नीट जोडून घे की. घाटात खड्डं काय कमी हाईत?"

"दाजी, आसा पीळ दिलाय, हत्तीनं वडला तरी निघायचा न्हाई."

हे बोलणं ध्यानात ठेवा. मी परत विचारणार आहे.

पण दिवा पेटला मात्र झकास. जुना बल्ब म्हणजे विझत आलेली विडी. ब्रेक दाबला की सावकाश फुलायचा, सोडला की सावकाश मावळायचा. हा नवा तसा नव्हे. दाबला की भक्कन, सोडला की गप. गोठ्याची भिंत लालभडक झाली, म्हस बिचारी उठून उभी राहिली. धनाजी सारखा ब्रेक दाबतोय आन् सारखा मागं जाऊन बघतोय. दाबायचा इथं आन् उजेड मागं, म्हणून भाचीला दाबायला बसवलं आन् हा मागं उभा. या सगळ्या खेळात दिवस बुडाला.

निघाले तेव्हा झुरमुर पाऊस होता. पुढं धनाजी, त्याच्या मागं शालन एका अंगाला पाय सोडून बसलेली, मांडीवर गौरीच्या ओटीची पिशवी. त्यांच्या मागनं विलास त्याच्या जुन्या गाडीवर. आन् विलासच्या पुढ्यात, टाकीवर, त्याची लेक चिमी. पाच वर्षांची असेल. शालनच्या जुन्या लुगड्यानं तिला बापाच्या पोटाशी गच्च बांधली होती, झोपली तरी पडू नये म्हणून. म्हणजे काय ते समजून घ्या. विलासची गाडी जिकडं जाईल तिकडं त्या पोरीचा जीव जाणार.

खिंडीच्या माथ्यावर वाटजाई आहे. तुमच्यातल्या किती जणांनी बघितलीय? हातभर दगडी मूर्ती, पायात दगडातच कोरलेले तोडे, डोक्यावर पत्रा, कमरेएवढा उंच चौथरा. आता तिथली रीत ऐका. पूर्वी गाडीवान तिथं बैल थांबवायचे आन् चिमूटभर कुंकू वाहून पुढं जायचे. मोटारगाड्या आल्या, थांबायला कुणाला सवड? मग ड्रायव्हर लोकांनी आपली एक रीत पाडली. देवीपुढनं जाताना गती कमी करायची आन् जरा पुढं गेलं की ब्रेक दाबायचा. मागचा लाल उजेड तिच्या अंगावर पडला की कुंकू पोचलं. लाल दाखवणं म्हणतात त्याला. आजपण दाखवतात.

धनाजीनं लाल दाखवला. आन् त्या रात्री काय झालं, विलास मागनं बघत होता. सगळा चौथरा, पत्रा, मूर्ती, पाठीमागचा कातळ, सगळं लाल न्हाऊन निघालं. जन्मात त्या देवीला एवढं कुंकू कुणी वाहिलं नसेल. शालननं पदर डोक्यावर घेतला आन् म्हणाली, "आई, लेकरं तुझ्या वाटंनं चाललीत. संभाळून ने."

इथनं पुढं उतार. आन् उताराला लागले आन् धुकं आलं. भादव्यातलं खिंडीतलं धुकं तुम्हाला ठाऊक नाही. पुढचा दिवा लावावा तर पांढरी भिंत डोळ्यापुढं उभी राहते. अशा वेळी माणूस एकच करतो. पुढच्या गाडीचा मागचा दिवा धरायचा आन् त्याच्या मागं जायचं. विलासनं तेच केलं. पुढं लाल दिवा दिसत होता, तो धरला.

दोन वळणं नीट गेली. तिसऱ्याला दिवा गेला. गप झाला. विलासनं गती कमी केली. थोड्या वेळानं परत दिसला, पण जरा डावीकडं. आन् तेवढ्यात उजवीकडं आणखी एक.

दोन दिवे. खिंडीत गाड्या तर दोनच होत्या आन् त्यातल्या एकीवर तो स्वतः बसलेला.

आता त्या जागेचं सांगतो. तिथं वाट फुटते. उजवीकडचा नवा रस्ता, खाली गावात जातो. डावीकडचा जुना. जुना रस्ता मागं एकदा दरड कोसळली तेव्हा अर्धा तुटून दरीत गेला. चार पावलं डांबर आहे, मग काही नाही. खाली झाडांचे शेंडे. आन् तिथंच राहतो तो. नाव घेतो रात्रीचं, घाबरू नका, एवढी माणसं आहोत. चकवा.

चकव्याला स्वतःचं असं काही नसतं बघा. ना रूप, ना आवाज. तुमचंच घेतो आन् तुम्हालाच दाखवतो. बैलगाड्या होत्या तेव्हा तो कंदील दाखवायचा. मोटारसायकली आल्या तशी त्यानं जुन्या बल्बाची ती विडी दाखवायला सुरुवात केली. किती जण गेले त्या विडीच्या मागं.

विलासनं दोन्ही दिवे बघितले. डावीकडच्यानं ब्रेक मारला. सावकाश फुलला, सावकाश मावळला. धनाजीचा दिवा असा मावळत नाही. दिवसभर बघितलाय, भक्कन आन् गप. म्हणजे डावा तो नव्हे. त्यानं हँडल उजवीकडं वळवलं.

आन् डावा दिवा शिकला.

हसू नका. शिकला म्हणतो मी. विलासच्या डोळ्यांदेखत त्यानं उजव्याकडं बघून घेतलं असावं. पुढच्या खेपेला पेटला तो भक्कन, विझला तो गप. तस्साच. उजवा पेटला की डावा पेटायचा. आता ओळखायचं कसं? विलास थांबला. पोटाशी पोर गप पडलेली.

तेवढ्यात डावीकडनं हाक आली. शालनचा आवाज. हुबेहूब. "अवो, चिमीला थंडी वाजत आसंल. आना हिकडं माझ्याकडं."

जुनी माणसं सांगतात, भूत एकदा हाक मारतं, दुसऱ्यांदा नाही. विलासनं ओ दिली नाही, दुसऱ्या हाकेची वाट बघितली. दुसरी हाक आली. तिसरीपण आली. तीन हाका म्हणजे माणूसच, असं आपलं आपण समजतो ना? ते चकव्यालापण माहीत होतं. विलासनं गाडी डावीकडं घातली. होय, घातली. बायकोचा आवाज, पोटाशी बायकोची पोर, कुणी घातली नसती? पुढचं चाक जुन्या डांबरावर चढून पुढं सरकलं.

आन् तिथं त्याच्या एक ध्यानात आलं. डाव्या दिव्याचा उजेड कशावरच पडत नव्हता.

नीट ऐका. दिवा एवढा लाल, एवढा भडक, पण खाली ओला रस्ता लाल नाही. बाजूचं गवत लाल नाही. गाडीचा नंबर नाही, चाक नाही. नुसता दिवा, हवेत टांगलेला. जुन्या बल्बाचा उजेड असाही कुठं पडत नव्हता, म्हणून आजवर कुणाला हे कळलंच नाही. पण हा तर गोठ्याची भिंत रंगवणारा दिवा. विलासनं मान वळवून उजवीकडं बघितलं. तिथं रस्ता लाल होता. गवत लाल होतं. लुगड्याचा काठ दिसत होता आन् त्या काठाखाली एका अंगाला सोडलेलं बाईचं पाऊल. अनवाणी, भिजलेलं. पावलात चांदीचा तोडा चमकत होता.

त्याचा जीव भांड्यात पडला. शालनच ती.

तोवर डाव्यानंही पाऊल काढलं. तेपण शिकला तो. काठ दाखवला, तोडा दाखवला, खालचा रस्ता लाल करून दाखवला. सगळं जमलं त्याला. पण बाई गाडीवर एका अंगाला बसली की पायाची बोटं कुठं असतात? बाहेर, रस्त्याकडं. ह्याची बोटं आत, चाकाकडं होती आन् टाच बाहेर. सगळं शिकला, पण ते एक त्यांच्या जातीला जमत नाही.

विलासनं दोन्ही पाय टेकले आन् गाडी मागं रेटली. कशी रेटली त्याचं त्याला ठाऊक. चाकाखालचा एक दगड सुटला आन् पुढं गडगडत गेला. मग आवाजच नाही. पडल्याचा आवाज काही आलाच नाही. डावीकडनं शालनच्या आवाजात कुणीतरी हसलं. त्यानं तिकडं बघितलं नाही. उजवा दिवा धरला, ते पाऊल धरलं आन् सुटला. तो दिवा घाई करत नव्हता. हा मागं पडला की थांबायचा, हा जवळ आला की चालायचा. असा सगळा घाट उतरून खालच्या वळणाला आला आन् तिथं दिवा गेला.

समोर गावातली एसटीची शेड. शेडीत धनाजी आन् शालन उभे, काळजीनं अर्धे झालेले. धनाजीची गाडी बाजूला लावलेली, अंधारात.

विलास म्हणाला, "बरं झालं बाबा, थांबत थांबत आलास. तुझ्या दिव्यावरच आलो मी."

धनाजी म्हणाला, "दाजी, आमी कवाच आलोय. आन् दिवा कुठला? गाडीला दिवाच न्हाई."

गाडी फिरवून बघितली. मागची काच फुटलेली, आत दोन वायरी लोंबकळताहेत, चिकटपट्टीचं भेंडोळं. एलईडी गायब. आता सांगा, काय म्हणाला होता धनाजी? हत्तीनं ओढला तरी निघायचा नाही. आपला मागचा दिवा गेला तर आपल्याला कुठं दिसतो? तो बिचारा तसाच उतरला होता, पाठीमागं मिट्ट काळोख घेऊन.

विलासनं शालनच्या पायाकडं बघितलं. पायात धनाजीचे रबरी बूट होते, पार पोटरीपर्यंत. घरनंच घालून निघाली होती ती, विलास विसरला होता. आन् चांदीचे तोडे तिच्याकडं नव्हतेच कधी.

मग शालननंच पुढं होऊन लुगडं सोडलं आन् पोरीला कडेवर घेतलं.

सकाळी मी एसटीनं गेलो, निरोप आल्यावर. विलास, धनाजी आन् मी, तिघं वर चढलो. वाटफाट्याला विलासच्या चाकाचा माग बघितला. जुन्या डांबरावर गेलेला, तुटक्या काठापासून वीतभर अलीकडं थांबलेला आन् मागं फिरलेला. ती वीत या डोळ्यांनी बघितलीय मी. मग आणखी वर गेलो. देवीच्या जरा खाली पहिलाच खड्डा आहे, त्या खड्ड्यातल्या पाण्यात धनाजीचा एलईडी पडलेला. म्हणजे लाल दाखवला आन् लगेच निखळला. तिथनं खाली उताराला तो दिवा पेटलाच नव्हता.

धनाजी रडायलाच लागला. म्हणाला, "आबा, चला, पाया पडून येऊ."

आम्ही चौथऱ्यापाशी गेलो. पत्र्याखाली सगळं कोरडं होतं. पाऊस आत येत नाही, चिखल यायचा तर प्रश्नच नाही, कमरेएवढी उंची. आन् मूर्तीची पावलं, दगडी पावलं, तोड्यापर्यंत लाल चिखलानं भरलेली होती. ओला चिखल. बोटांच्या फटीत घाटातलं गवत अडकलेलं. विलासनं हात लावला आन् त्या तोड्यांकडं नुसता बघत राहिला. त्या दिवशी घरोघरी गौरीची पावलं काढायचं काम चाललं होतं. आमच्यासाठी ती आदल्या रातीच चालून आली होती.

मी ती पावलं धुतली नाहीत. माझं धाडसच झालं नाही.

तेव्हा ऐका, लेकरांनो. रात्रीचं त्या खिंडीनं जाऊ नका. दिवा कितीही नवा असू द्या, कितीही भारी असू द्या, जाऊ नका. तो आतापर्यंत तुझं लाल-निळंपण शिकून बसला असेल, इंदरजित. दर वेळी आईनं उठून यावं, एवढं ती आपलं काय देणं लागते?

काय म्हणतोस? विलासच्या मनाचे खेळ असतील? धुक्यात दिसतं असलं काहीबाही? असेल बाबा. मी तिथं नव्हतो. पण ती तिकडं काकवी गाळतेय ना, डोक्याला फडकं बांधून, तीच चिमी. बापाला वाटलं होतं पोर झोपलीय. ती जागी होती. टाकीवर पुढं बसलेली, तिच्याएवढं नीट कुणी बघितलं असणार? विचार तिला, मी मध्ये बोलत नाही. ए चिमे, ह्याला सांग गं.

"काय सांगू आबा? मला तवा वाटलं आईच हाय. पर आई कवा मागं वळून बघत न्हवती. ती बाई परत्येक वळणाला मागं वळून बघायची. आमी येतोय का न्हाई ते."

ऐकलंस? ये, ही घोंगडी घे. किल्ली दे इकडं, सकाळी देतो. आन् उजाडल्यावर जाशील तेव्हा वाटजाईपुढनं जाताना ब्रेक दाबायला विसरू नको.