नुसतं बघतं म्हणे

नाही सर, उठू नका! चहा गार झाला तर दुसरा आणते, पण हे एक नाव बदलल्याशिवाय हा सलाइनचा पंप इथून हलू द्यायचा नाही. काय म्हणालात? चूक सापडली, दुरुस्त झाली, आता नावाचं काय एवढं? अहो, तेच तर! चूक आपल्या टीममधल्या त्या बिचाऱ्या चष्मेवालीची नव्हतीच. पंपाच्या सॉफ्टवेअरच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, पार तळाशी, हे तुमचं फंक्शन बसलंय — 'चेक लॉक'. तिनं नाव वाचलं, लॉक, म्हणजे एका वेळी एकाच भागाला आत सोडणारं कुलूप, मोकळं आहे का तेवढं बघितलं आणि गेली पुढे. आणि हे मेलं मोकळं दिसलं की लॉक घेऊनच टाकतं! न्हाणीघर रिकामं आहे का म्हणून डोकवावं आणि जाताना कुलूप घालून किल्ली घेऊन जावी, तसं. मग काय — औषधाचे थेंब मोजणारा भाग ताटकळला, अलार्म वाजवणारा ताटकळला, बाटली रिकामी झाली तरी पंप आपला गप्प! चाचणीच्या टेबलावर होता म्हणून निभावलं, नळीच्या टोकाला माणूस नव्हता.

तिच्या कोडमध्ये लॉक सोडायची ओळ घातली, कबूल. पण कालच्या घाईत आणखी कितीजणांनी असं नुसतं 'बघितलंय', कोण सांगणार? नाव बदललं की जुनं नाव जिथे जिथे असेल तिथे प्रोग्रॅम तयार होतानाच बिल्ड अडेल, एकेक जागा डोळ्यांखालून जाईल. — पुढच्या वेळी? पुढच्या वेळी नाही सर, आज! ओरडत नाहीये मी. बाबांना... जाऊ दे. नाही, जाऊ दे काय? हा पंप जाणार ना, माझे बाबा आहेत त्या वॉर्डात! संध्याकाळी हाच नवा पंप लावणार त्यांना. आमच्याच ऑफिसात बनतो, काळजी नको, असं मीच आईला सांगून आले. केवढी खूश झाली ती!

बरं, एक करा. स्क्रीनवर हात ठेवते मी, खालचं काही दिसायचं नाही. नुसतं नाव वाचा आणि सांगा, हे काय करतं?

...'बघतं'? नुसतं बघतं? सर, तुम्ही लिहिलंय हे! हा घ्या, काढला हात. वाचा आता.

हे बघा, इथे लॉक घेऊनच टाकतंय!

थांबा, फोन लावते. — आई? ऐक ना, बाबांना आज जुनाच पंप राहू दे म्हणावं. नर्सबाईंना आत्ताच सांग. का म्हणजे... आई, सांग ना गं फक्त! — तुम्ही काय ऐकत बसलात, सर? नवं नाव टाइप करा.