उद्याची बारी

नाई बाई, बसा ना, उठून उठून पाहू नका — सौंसरची मोटर आली का तिचा आवाज पार नाल्यापासून येते. अन् छत्री द्या इकडं, मी धरतो, तुमाले ऊन लागून राह्यलं. हव, मीच चिंधू. पंधरा दिवसामांगं तुमी सभेत इचारलं ना, का बाबाहो, तुमचे गुरुजी बोलत काउन नाईत, जेवत काउन नाईत — अन् सगळ्यायनं बोट केलं तो म्हातारा? तो मीच. खांबामांगं लपत होतो, पन खांब बारीक निघाला. हसा ना. नाई हसत? बरं. आमच्या बोरगावात बी कोनी नाई हसत आता मले पाहून.

तं तुमचा तो कागद. ब्लाकाच्या सरकारी हापिसातून आल्या तुमी, लोकायलेच इचारून लोकायचंच दुखनं हलकं कराचं म्हनलं, अन् सात घरायची बारी लावून देली — रोज एका घरानं श्रीकांत गुरुजीजवळ बसाचं, भाकर न्याची, ते नाई बोलले तरी आपून बोलाचं. चांगलं केलं बाई, मजाक नाई करून राह्यलो. सोमवार जयवंताचा, आज मंगळवार केसरबाईचा, अन् उद्या पुंडलिकराव पाटील. त्या उद्याच्या खान्यात माहं नाव लिहा. एवढंच काम हाय. पाटील गुरुवारी बसन, त्याले काय, त्याले बसाचीच आदत हाय. मले उद्याच पाह्यजे. काउन म्हंजे — असंच. म्हातारा मानूस मी, परवापर्यंत राह्यतो का नाई —

नाई. हे बी खोटंच बोललो. तब्येत ठनठनीत हाय माही.

पाह्यजा, मी मजाक करनारा मानूस. जयवंताचा बोकड शिंगं रंगवून त्यालेच बाजारात दाखवला, अन् त्यानं पसंत बी केला, म्हने आपल्या घरच्यापेक्षा बरा हाय! गाव आठ दिवस हसलं. जयवंता बी हसला. असं होतं पह्यले. मंग हे राज्यं नव्यानं वाटाचं निंघालं — कोन म्हने आपली तहसील नागपुरासंग जाते, कोन म्हने भोपाळासंग जाते — रोज भैय्याजीच्या हाटेलात भांडनं, चहा थंडा होऊन जाये तरी कोनी पेत नसे. एक दिवस मी सौंसरवरून आलो अन् दारातूनच टोपी उडवली — झालं रे, सौंसर-पांढुर्णा नागपुराकडं गेलं, तहसिलीत कागद लागला, मी वाचून आलो! आता तुमीच सांगा बाई, मले वाचता येते का? नाई येत. गुरुजीनं शिकवलं तेवढं एक 'चिं' येते, त्याच्यापुढं माहं मलेच नाव येत नाई. अंगठेवाला चिंधू कागद वाचून आला — हेच तं मजाक होती! मले वाटलं, एका मिन्टात कोनीतरी म्हनन, अबे तुले कवापासून वाचाले येते? कोनीच नाई म्हनलं. सगळ्यायले ते खबर खरीच पाह्यजे होती ना.

गुरुजी शाळेतून धावत आले, हाताले खडू तसाच. त्यायचा एक अर्ज होता — मले नागपूरच्या बाजूची शाळा द्या म्हनून. पोरगी रजनी तिकडं नागपुराकडंच, काटोलले देली, बायको जाऊन दोन वर्सं झाले, दुसरं कोन हाय त्यायले? अन् तो अर्ज द्याचा आखरी दिवस दुसऱ्याच दिशी होता. तो त्यायनं माह्यासमोर फाडला बाई. फाडला अन् म्हने, चिंधू, आता मी कायले जाऊ, नागपूरच आपल्या घरी आलं. मंग पोरायले गूळ वाटला. माह्या बी हातावर ठेवला. तवाच सांगाले पाह्यजे होतं ना? हव, पाह्यजे होतं. पन तोंडात गूळ होता. मंग म्हनलं सांजच्याले सांगतो — सांजच्याले घरी गेलो तं ते रजनीले चिठ्ठी लिहून राह्यले होते, मलेच वाचून दाखवली. मंग म्हनलं सकाळी सांगतो. सकाळ गेली, दुपार गेली, आखरी दिवस बी गेला.

चार दिवसानं पुंडलिकरावानं पेपर वाचला हाटेलात, जोरानं — आपली तहसील भोपाळाकडंच गेली म्हनून. मंग जे हसलं गाव! माह्यावर नाई — गुरुजीवर. मास्तरनं गूळ वाटला रे! शाळेत पोरं हात पुढं करत, गुरुजी, गूळ. जयवंता तं पोट धरधरून हसला. केसरबाई बी. सभेत मातर सगळे बोटं माह्याकडं. खोटं म्या सांगतलं, हव. पन हसलो का मी एकटाच? हे तुमच्या कागदात लिवलं का कोनी? अन् आता बारी लावली तरी मीच बाद. बाकी सारे आत, मी बाहेर — बरं हाय ना त्यायले, मी बाहेर असलो का ते साफ झाले.

अन् बारी कशी चालते सांगू का? लोकं भाकर ओट्यावर ठेवते अन् कापूस येचाले जाते. खरंच. मले कसं मालूम? गुरुजीच्या घराच्या मांगच्या कुडाच्या भितीले एक फट हाय. मी बसतो ना तथी. रोज. सकाळपासून.

काल जयवंता असाच भाकर ठेवून गेला. मी फटीतून पाह्यलं — त्या भाकरीवर मुंग्या लागल्या अन् गुरुजी मुंग्यायकडं पाहून राह्यले होते. मंग मी गेलो आत. मुंग्या झटकल्या. त्यायनं मान वर केली, अन् बोलले बाई — एवढ्या दिवसानं — म्हने, चिंधू, आपून आता कोन्त्या राज्यात हावो?

मी काय सांगाले पाह्यजे होतं? तुमी शिकल्या-सवरल्या, तुमी सांगा. तोंड पाह्यलं असतं ना तुमी त्यायचं... म्या म्हनलं, नागपुरातच हावो गुरुजी. हुकूम फिरला. पेपरवाल्यायची गलती होती.

दीड भाकर खाल्ली. पानी मांगतलं. आज सकाळी तुमी हाटेलात म्हनून राह्यल्या होत्या ना, लोक एक झाले म्हनून गुरुजी जेवले, वर लिवून पाठवते — ते दीड भाकर हेच होय. अन् उद्या पुंडलिकराव पेपर घेऊन जाईन. वाचनच तो, त्याले दुसरं येते काय? पह्यल्या डावी जेवन सोडलं, बाई. दुसऱ्या डावी काय सोडन? म्हनून उद्या मले बसू द्या. उद्या मी त्यायले — काय करन ते मले बी नाई समजत, पन बसू द्या. कसम खातो, त्या दिवसापासून दुसऱ्या कोनालेच खोटं नाई बोललो, मजाक बंद, एकदम बंद —

काय? मोटर?

मोटर... मोटर तं गेली बाई. तुमी केसरबाईच्या घरी पानी पेत होत्या, तवाच गेली. तुमी बसल्या नसत्या ना इथं, मोटर गेली म्हनलं असतं तं. गाली द्या. कागद काउन घडी करून राह्यल्या? थांबा — तिकडं कुठं? ते तं गुरुजीच्या घराची गल्ली होय. तुमी सांगान त्यायले? नका सांगू बाई, पाया पडतो, तुमी नवख्या, तुमी सांगतलं तं त्यायले समजन का साऱ्या दुनियेले मालूम होतं अन् —

सरका. सरका बाई, वाट द्या. अर्ज माह्यासमोर फाडला ना? मंग खरं सांगाले मलेच जा लागन. उद्याची राहू द्या, नाव बी राहू द्या. घ्या तुमची छत्री. अन् माह्यामांगं येऊ नका, फटीपाशी तं बिलकुल येऊ नका. तथं हाटेलात बसा. दुसरी मोटर साडेपाचले हाय — भैय्याजीले इचारा. मले नका इचारू.